आधी लगीन रस्त्याचं!

(बी. ए. भाग २)

आपल्या वार्षिक अंकात कविता असतात, सहलीची वर्णने असतात, आईवरचे लेख असतात. अशा अंकात मी रस्त्याच्या रुंदीवर लिहिणार आहे हे कळल्यावर माझ्या मैत्रिणी हसल्या. "अगं, हा काय विषय झाला? ते इंजिनियर लोक बघतील की!" दोन वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. रस्ता म्हणजे असतो तसा असतो, एवढीच माझी समजूत होती. त्याची रुंदी कोणी तरी ठरवते, त्याला नियम असतो आणि तो नियम मोडला की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे मला मागच्या पावसाळ्यात कळले. ती किंमत आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मोजली आणि त्यात आमच्या घराचा वाटा होता. म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे राधानगरी तालुक्यातले. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गवंडीकामासाठी कोल्हापुरात आले आणि इथेच राहिले. बारा वर्षे भाड्याच्या एका खोलीत काढल्यावर त्यांनी शहराला चिकटलेल्या एका गावाच्या शिवारात एक गुंठा जागा घेतली. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. त्यासाठी आईने मंगळसूत्र सोडून अंगावरचे सगळे मोडले. आबा आठवडाभर दुसऱ्यांची घरे बांधायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमचे. विटा आईने वाहिल्या, पाणी मी मारले. ज्या दिवशी स्लॅब पडला त्या दिवशी आबा रात्रभर त्याच्याखाली बसून होते. त्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. तेव्हा त्या घराबद्दल मी वाईट लिहीन, असे कोणी समजू नये.

पण घर जसे आमचे होते तसा रस्ताही आमचा होता, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. जागा विकणाऱ्याने शेताच्या मधून दहा फुटांची पट्टी सोडली होती. तिलाच सगळे रस्ता म्हणत. वरच्या खोलीसाठी जिना हवा होता. तो घराच्या आत घेतला तर खोली लहान होते, म्हणून आबांनी तो बाहेर काढला. त्याच्या पायऱ्या त्या पट्टीत सव्वादोन फूट आल्या. समोरच्यांनी ओटा काढला होता. कोणी कोणाला बोलले नाही, कारण बोलायला प्रत्येकाच्या घराला काही ना काही पुढे आलेले होतेच.

मागच्या जुलैत, पावसाच्या एका रात्री, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णवाहिका आली, पण आमच्या घरापाशी थांबली. चालक उतरला, बॅटरीचा उजेड आमच्या जिन्यावर आणि समोरच्या ओट्यावर टाकला आणि म्हणाला, "हा जिना नसता तर दारापर्यंत आणली असती गाडी." चार माणसांनी काकूंना बाजेवर घालून, वर ताडपत्री धरून, चिखलातून आणले. त्या चौघांत आबा होते. काकू वाचल्या, पण त्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. तो उशिरामुळेच गेला की कसे, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही, हेच खरे.

पुढे भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आम्हांला टेपने अंतरे मोजायला शिकवले. घरी येऊन मी पहिल्यांदा आमची गल्ली मोजली. तोंडाशी दहा फूट. आमच्या जिन्यापाशी सहा फूट चार इंच. अग्निशामक दलाचा बंब साधारण अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडा जास्त रुंद असतो. उद्या कोणाच्या घरी गॅस भडकला तर बंब आमच्या गल्लीत येणारच नाही. आला तरी वळणार कुठे? गल्ली पुढे दुसऱ्याच्या बांधाला जाऊन संपते.

मग नियम काय सांगतो ते मी शोधले. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांसाठी आणि त्यांच्या भोवतालच्या भागासाठी २०२० साली एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. नव्या राहत्या वस्तीतला आतला रस्ता दीडशे मीटरपर्यंत लांब असेल तर तो नऊ मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट रुंद हवा, असे ती म्हणते. रस्ता लांबला की रुंदीही वाढते, कारण त्यावर घरे वाढतात आणि वर्दळ वाढते. दुकानांच्या वसाहतीसाठी सुरुवातच बारा मीटरपासून होते. जमीन ०.४ हेक्टर किंवा अधिक असेल तर तिचा दहावा हिस्सा मोकळे मैदान म्हणून सोडावा लागतो. हे वाचताना मला वाटले, एवढे रुंद रस्ते श्रीमंतांच्या मोटारींसाठीच असणार. पण जरा विचार केल्यावर लक्षात आले की रस्ता केवळ चाकांसाठी नसतो. त्याच्याच पोटात पाण्याची नळी जाते, कडेने गटार जाते, विजेचा खांब उभा राहतो, एखादे झाड वाढते. आमच्या दहा फुटांत गटाराला जागाच नाही, म्हणून सांडपाणी रस्त्याच्या मधोमध वाहते. श्रीमंताला आपल्या आवारात झाड लावता येते आणि गाडी उभी करता येते. ज्याच्याकडे एकच गुंठा आहे त्याचे अंगण, मैदान, मांडव घालायची जागा, सगळे रस्त्यावरच असते. म्हणजे रुंद रस्त्याची खरी गरज गरिबाला!

मग नियम असूनही असे का होते? लोक म्हणतात, "गुंठेवारीवाले कायदाच पाळत नाहीत." हे ऐकले की मला राग येतो. आबा कायदा मोडायला शहरात आले नव्हते. या प्रश्नाचे उत्तर मला शिव्यांत नाही, गणितात सापडले. ते गणित मी इथे मांडते.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. समजा, शेत नव्व्याण्णव फूट रुंद आणि चारशे चाळीस फूट लांब आहे. ते बरोबर एक एकर भरते आणि आपल्याकडची शेते बहुधा अशीच लांबट असतात. विकणाऱ्याने मधून दहा फुटांची वाट सोडली तर तिच्यात चार गुंठे जातात आणि छत्तीस गुंठे विकायला उरतात. आता तेच शेत नियमाने पाडू. चारशे चाळीस फूट म्हणजे सुमारे एकशे चौतीस मीटर, म्हणून रस्ता नऊ मीटरचा. त्यात जवळजवळ बारा गुंठे गेले. मैदानाचे चार गुंठे गेले. उरले चोवीस. छत्तीस गुंठ्यांत जेवढे पैसे मिळणार होते तेवढेच चोवीस गुंठ्यांत मिळवायचे तर गुंठ्याचा भाव दीडपट करावा लागेल. शिवाय रस्ता करायचा, गटार बांधायचे, मंजुरीसाठी हेलपाटे घालायचे, त्याचा खर्च वेगळाच. ज्याला दीडपट भाव परवडतो तो मंजूर आराखड्यातला प्लॉट घेतो. ज्याला परवडत नाही तो दहा फुटी वाटेवर येतो. या व्यवहारात कायदा मोडणारा पैसे घेऊन निघून जातो आणि ‘बेकायदेशीर’ हे नाव घर बांधणाऱ्याला चिकटते.

हे गणित मी आणखी एक पायरी पुढे नेले. उरलेल्या चोवीस गुंठ्यांचे छत्तीस भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७२६ चौरस फूट येतात. म्हणजे आबांनी दिले तेवढ्याच पैशात त्यांना ७२६ फुटांची जागा, दारात तीस फुटी रस्ता आणि मुलांना खेळायला चार गुंठ्यांचे मैदान मिळू शकले असते. रात्री जेवताना मी वही दाखवली आणि विचारले, "आबा, त्या वेळी असं मिळालं असतं तर घेतलं असतं?" ते बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घेतलं असतं. पर तसं कुणी दिलंच न्हाई की गं."

मित्रमैत्रिणींनो, माझ्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. नियम मोठ्या भूखंडाच्या आणि रुंद रस्त्याच्या वसाहती घडवतो, बाजार लहान भूखंडाच्या आणि अरुंद वाटेच्या. लहान भूखंड आणि रुंद रस्ता ही जोडी कोणीच विकायला आणत नाही. भिंतीला भिंत लावून, दोन मजले चढवून ७२६ फुटांत सुखाने राहता येते. कोल्हापूरच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या लोक तसेच राहत आले आहेत.

पेठांचे नाव निघाले की कोणी म्हणेल, "मग मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत बोळ नाहीत का? तिथे माणसे राहिली नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. पण ते बोळ पडले तेव्हा बंब नव्हते आणि मोटारी नव्हत्या. शिवाय पेठेतला बोळ सहसा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघतो, बांधाला अडत नाही. त्याच्या जवळपास तालीम असते, देवळाचे पटांगण असते, एखादा चौक असतो. पेठेने रस्ता अरुंद ठेवला, पण चार माणसांनी एकत्र यायची जागा राखली. आमच्या वस्तीत रस्ताही नाही आणि ती जागाही नाही. गणपती बसवायचा तर कोणाच्या तरी दारातली वाट बंद करावी लागते.

आणि आधी आखून मग वसवणे ही गोष्ट आपल्याला परकी आहे असेही नाही. १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. १९१७ साली त्यांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. तिथे काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आधी आखले गेले, घरे आणि दुकाने नंतर उभी राहिली. राजारामपुरीत आजही पत्ता सांगायचा तर गल्लीचा नंबर सांगितला की पुरते. नवखा माणूससुद्धा न विचारता घर शोधतो. आमच्याकडे पोस्टमनला पत्ता सांगताना आई म्हणते, "पिवळ्या टाकीपाशी येऊन कुणालाही गवंड्याचं घर विचारा." तानाजीने आधी लगीन कोंढाण्याचे लावले, रायबाचे मागे ठेवले. वसाहतीचेही तसेच आहे. आधी लगीन रस्त्याचे, मग घराचे. घर आज लहान असले तरी उद्या वाढते, वर चढते. रस्त्याला मात्र एकदा भिंती लागल्या की तो वाढत नाही.

मग आता काय करायचे? सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. शुल्क भरून अशी घरे नियमित करून घेण्याची सोय त्यात आहे. २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू केला. शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी करणारा कायदा १९४७ चा आहे. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत, शहरी भागातल्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांसाठी त्यातून वाट काढण्याची घोषणा केली. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला. घर आपल्या नावावर होणे ही लहान गोष्ट नाही. त्यावर कर्ज मिळते, रात्री झोप लागते. पण पेढा खाताना मनात आले की कागद सरळ झाला तरी गल्ली सहा फूट चार इंचच राहणार. रुग्णवाहिका सातबारा बघून आत येत नाही.

खरा उपाय एका शेतात होणारच नाही, असे मला वाटते. प्रत्येक जण आपल्या बांधाच्या आत रस्ता काढतो, म्हणून तो शेजारच्या बांधाला अडतो. रस्ता बांध ओलांडून गेला पाहिजे. यासाठी आपल्याकडे जुनी वाट आहे. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, तेव्हापासून ‘नगररचना योजना’ ही पद्धत चालत आली आहे. आजच्या १९६६ च्या कायद्यातही ती आहे. तिच्यात एका भागातली सगळ्या मालकांची जमीन कागदावर एकत्र धरतात. रस्ते, मैदान, शाळा यांची जागा आधी काढतात आणि उरलेली जमीन ज्याची त्याला परत देतात. ती मूळच्यापेक्षा लहान असते, पण चौकोनी असते आणि रस्त्याला लागून असते. रस्त्याचे ओझे नाहीसे होत नाही, पण ते सगळ्यांच्या खांद्यावर वाटले जाते. एकाचे शेत रस्त्यात गेले आणि दुसऱ्याचे सोन्याच्या भावाने विकले, असे होत नाही. अहमदाबाद शहर अशा योजनांच्या आधारेच वाढत गेले आहे.

जिथे घरे आधीच उभी आहेत तिथे काय, या प्रश्नाला भुजचे उदाहरण आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे जुने शहर पडले. अरुंद गल्ल्यांतून मदत आत पोहोचेना. ते पुन्हा उभारताना अशाच योजनांनी प्रत्येक भूखंडातून थोडी जागा घेऊन गल्ल्या रुंद केल्या. ही कपात सरसकट नव्हती. ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून जास्त घेतले आणि अगदी लहान भूखंडांना सोडून दिले. मला हे फार न्यायाचे वाटते. त्यासाठी भूकंपाची वाट पाहायलाच हवी का?

आपल्या शहराची स्थिती तर विशेष आहे. १९७२ साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली आणि त्यानंतर दशकानुदशके शहराची हद्द होती तिथेच राहिली. शहर मात्र हद्दीबाहेर वाढत गेले. हद्दवाढ हवी की नको यावर मोर्चे निघाले, बंद झाले. शेवटी २०१७ साली भोवतालच्या बेचाळीस गावांसाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. हद्दीच्या वादात शिरायची माझी पात्रता नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की आमची गावे कोणाच्याही हद्दीत असोत, पुढच्या वीस वर्षांत ज्या शेतांत घरे होणार हे लहान पोरालाही दिसते, तिथले मुख्य रस्ते आज आखावेत. त्यांचा नकाशा प्रत्येक गावच्या चावडीवर, बाजाराच्या दिवशी वाचता येईल असा मोठ्या अक्षरांत लावावा. आणि मंजूर आराखड्यात काही भूखंड पाऊण गुंठ्याच्या आतले असावेत, म्हणजे आबांसारख्यांना रस्ता आणि घर यांपैकी एकच निवडावे लागणार नाही.

हे सरकारचे काम झाले. आपलेही काही आहे. आपल्या कॉलेजात माझ्यासारखी पुष्कळ मुले आहेत, ज्यांच्या घरात कागद वाचणारी ती पहिलीच आहेत. घरात जागा घ्यायची बोलणी निघाली की आपल्याला चहा आणायला पाठवतात. चहा जरूर आणावा, पण परत येऊन तीन प्रश्न विचारावेत. रस्ता मोजून किती फूट आहे? तो पुढे कुठे निघतो? आणि सातबाऱ्यावर त्या रस्त्याची जागा कोणाच्या नावावर आहे? तिसऱ्या प्रश्नावर विकणारा बहुधा गप्प होतो. आमच्या गल्लीतला रस्ता आजही मूळ मालकाच्याच नावावर आहे, हे आम्हांला घर बांधून सहा वर्षे झाल्यावर कळले.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आबांना वाचून दाखवला. जिन्याचा भाग वगळावा असे मनात आले होते. पण तो वगळून बाकीचे लिहिणे म्हणजे दुसऱ्यांना शहाणपण शिकवणे झाले असते. आबा ऐकून घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओळंबा आणि दोरी घेऊन बाहेर गेले. गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत त्यांनी दोरी ताणली, तशी दुसऱ्याची भिंत बांधताना ताणतात तशी. दोरीच्या बाहेर आमच्या तीन पायऱ्या, समोरचा ओटा, पुढच्या दोन घरांच्या मोऱ्या आणि एकाचे न्हाणीघर निघाले. माणसे जमली. आबा म्हणाले, "जिना मी बांधलाय, मीच पाडतो. तुमचं तुम्ही बघा." समोरचे काका म्हणाले, "बघू, दिवाळीनंतर."

दोन दिवसांनी सुट्टी होती. आबांनी तीन पायऱ्या फोडल्या. वरच्या खोलीत आम्ही सध्या लाकडी शिडीने चढतो आणि मी अभ्यासाला तिथेच बसते. दिवाळी होऊन गेली, ओटा अजून तसाच आहे. टेप लावला तर आता तिथे आठ फूट सात इंच भरतात. बंब जेमतेम शिरेल, वळणार मात्र अजूनही नाही. दोरी आबांनी काढलेली नाही. येता-जाता लोक तिच्याकडे बघतात आणि खाली वाकून जातात.